त्यांची सुरी, आपलं उखळ



या वेळचा लेख जरा भांडणाचा आहे. भांडण घरातलंच आहे, तेव्हा नातेवाईकांनी आधी पूर्ण वाचावं आणि मग फोन करावा, ही विनंती.

झालं असं. बकरी ईदच्या दिवशी सकाळी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या भाच्याने एक निरोप पुढे ढकलला. एक रक्ताळलेलं चित्र आणि खाली ओळ, की जो देव बापाला पोटचा पोरगा कापायला सांगतो त्याच्या भक्तांकडून दयेची अपेक्षा काय करायची! पाच मिनिटांत सात-आठ अंगठे पडले. हात जोडलेलेही दोन आले. मला राहवलं नाही. मी लिहिलं, "अरे, चिलया बाळ आठवतो का तुला? तुझी आजी श्रावणात वाचायची ती गोष्ट." लगेच उत्तर आलं, "मावशी, ते वेगळं." मी विचारलं, "कसं वेगळं?" त्यावर उत्तर नाही. मग वहिनींनी लिहिलं, "सकाळच्या पारी वाद नकोत." आणि कोणीतरी गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात टाकलं. विषय संपला.

माझा संपला नाही. "ते वेगळं" हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसलेत. तर आज ते वेगळं कसं आहे, की मुळीच वेगळं नाही, की खरोखर वेगळं आहे पण भाच्याला वाटतं त्याच्या नेमकं उलट, ते लिहिणार आहे.

मी आयुष्यभर वर्गात गोष्टी शिकवल्या. त्यातला पहिला नियम म्हणजे आधी गोष्ट नीट वाचायची, मत मागाहून. भाच्याने ही गोष्ट वाचलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. कारण चाळिशी उलटेपर्यंत मीही वाचली नव्हती. मला ती पहिल्यांदा सांगितली आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी. ते मंचरहून सायकलवर यायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले होते. मी म्हटलं, "सर, राग मानू नका, पण तुमची ती बकऱ्याची गोष्ट मला काही पटत नाही." सर हसले. म्हणाले, "बाई, बकऱ्याची कुठे? बकरा तर शेवटी येतो. तोपर्यंत काय काय होतं ते ऐका की."

मग मी कुराणाचा मराठी अनुवाद मिळवून ती जागा वाचली. सदतिसावा अध्याय आहे. गोष्ट इतकी लहान आहे की फळ्यावर मावेल. म्हातारे इब्राहीम देवाकडे चांगला मुलगा मागतात. मुलगा होतो. बापाबरोबर कामाला जाण्याइतका मोठा होतो. एके दिवशी बाप त्याला म्हणतो, बाळा, मला स्वप्न पडतं की मी तुझा बळी देतोय. तू विचार कर, तुला काय वाटतं? मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला जी आज्ञा झाली असेल ती पाळा, मी धीर धरीन. दोघेही तयार होतात. बाप मुलाला पालथं झोपवतो. आणि तेवढ्यात हाक येते, इब्राहीम, तू स्वप्न खरं करून दाखवलंस! पुढे म्हटलंय की ही उघड परीक्षा होती, आणि मुलाच्या बदल्यात एक मोठं बलिदान देऊन त्याला सोडवलं.

बस. एवढंच. मुलाचं नाव त्या जागी दिलेलं नाही. आज मुसलमान इस्माईल मानतात, पण सुरुवातीच्या काळातल्या जाणत्यांमध्येच त्यावर मतभेद होते. तबरीसारखा मोठा भाष्यकार इसहाक म्हणायचा. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या बायबलातही तो इसहाकच आहे. तिथे गोष्ट उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात येते. लाकडं, विस्तव, हातातली सुरी, झुडपात शिंगं अडकलेला एडका, सगळं तपशिलात आहे. कुराणातल्या त्या ओळींमध्ये मात्र सुरी हा शब्दही नाही. ती बायबलात आहे, आणि मुसलमानांच्या नंतरच्या कथांमध्ये आहे, जिथे ती गळ्यावर ठेवली तरी कापत नाही. म्हणजे भाच्याने ज्या सुरीचं चित्र पाठवलं, ती त्या मूळ ओळींत नाहीच!

आता आपल्याकडे या. शिवलीलामृत आमच्या घरी श्रावणात वाचलं जायचं. श्रीधरस्वामींनी ते बारामतीत शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली पुरं केलं. त्यात श्रियाळ राजा आणि चांगुणा राणीची कथा आहे. शंकर अतिथी होऊन दाराशी येतो आणि जेवायला नरमांस मागतो. तेही परक्याचं नको, तुमच्या चिलयाचं. आईबाप मुलाला शाळेतून घरी आणतात. (शाळेतून! शिक्षिका म्हणून माझ्या काळजाला इथेच घर पडायचं.) कापतात, शिजवतात. अतिथी म्हणतो, डोकं कुठाय? ते लपवून ठेवलंत होय? मग चांगुणा पोराचं डोकं उखळात घालून कांडते. डोळ्यांतून पाणी काढायचं नाही अशी अट, म्हणून कांडताना गाते. पान वाढल्यावर अतिथी म्हणतो, ज्या घरात मूल नाही तिथे मी जेवत नाही, हाक मार तुझ्या पोराला. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

माझी आई हा भाग वाचायला लागली की स्वयंपाकघरातल्या बायका कामं टाकून येऊन बसायच्या आणि सगळ्या रडायच्या. आईचाही आवाज जायचा. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा मध्येच विचारलं होतं, "आई, देव मागायला आला तर तू मला देशील?" आई पोथीवर हात ठेवून थांबली. मग म्हणाली, "गप बस. पोथीत बोलू नये." त्या रात्री मी उखळाकडे पाठ करून झोपले, हे मला आजही आठवतं.

ही कथा एकट्या मराठीची नाही. तमिळमध्ये ती शिरुत्तोंडर या शिवभक्ताची म्हणून बाराव्या शतकातल्या 'पेरियपुराणा'त आहे, आणि तिथल्या मुलाचं नाव सीराळन. आपला 'श्रियाळ' बहुधा त्याच नावाचा भाऊबंद असावा. म्हणजे दक्षिणेतून महाराष्ट्रापर्यंत लोकांनी शेकडो वर्षं ही कथा डोक्यावर घेतली.

तर आता सांग बाबा भाच्या, कुठली गोष्ट अधिक भयंकर? त्यांच्या गोष्टीत हात थांबतो, आपल्या गोष्टीत थांबत नाही. त्यांच्याकडे देव हाक मारून अडवतो, आपल्याकडे देव पानावर बसून "डोकं कुठाय" विचारतो. मूल परत येतं हे खरं, पण कांडून झाल्यावर.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. "मावशी, ते रूपक आहे. अतिथिधर्माची परीक्षा आहे. शब्दशः घ्यायचं नसतं." कबूल! मीही तसंच समजते. पण मग हीच सवलत शेजाऱ्याच्या गोष्टीला का नाही? आपली गोष्ट आली की भावार्थ आणि त्याची गोष्ट आली की शब्दार्थ, हा कुठला न्याय? मी उत्तरपत्रिका तपासताना असं केलं असतं, आपल्या पुतण्याला अर्थ कळला म्हणून गुण आणि दुसऱ्याच्या पोराला एक काना चुकला म्हणून भोपळा, तर तुम्हीच मला शाळेतून हाकलून दिलं असतं.

इथे लेख संपवला तर भाच्याचं तोंड बंद होईल, पण मग मी फक्त त्यांची गोष्ट बरी आणि आपली वाईट एवढंच सांगितल्यासारखं होईल. मला तेही सांगायचं नाही. कारण या गोष्टीवरून दुसरं एक भांडण आहे, आणि ते भाच्याशी नाही. ते गोष्टीचं कौतुक करणाऱ्यांशी आहे.

कौतुक करणारे काय म्हणतात? की बघा इब्राहीमची श्रद्धा, प्रश्न न विचारता आज्ञा पाळली. मशिदीत म्हणणारे आहेत, चर्चमध्ये आहेत, आणि चिलयाच्या कथेवर कीर्तन करणारे आपले बुवाही हेच म्हणतात. माझी नात तत्त्वज्ञान शिकते. तिने सांगितलं की डेन्मार्कच्या किर्केगार्डने १८४३ साली या गोष्टीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात अब्राहमला श्रद्धेचा वीर ठरवलं. नीती एका बाजूला आणि देवाची आज्ञा दुसऱ्या बाजूला आली, तर नीतीच्या पलीकडे जाणारा तो श्रद्धावान, असा काहीसा त्याचा विचार. त्याच्याही आधी, १७९८ साली जर्मनीतल्या कांटने साधी गावातल्या शहाण्या म्हातारीसारखी गोष्ट सांगितली होती. अब्राहमने त्या आवाजाला म्हणायला हवं होतं की मुलाला मारायचं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, पण तू देव आहेस हे पक्कं नाही. मी कांटच्या बाजूची. आवाज कुणाचाही असू शकतो. आपल्या अहंकाराचा, गुरूचा, भगताचा, पुढाऱ्याचा.

आणि असं म्हणायला पाश्चात्त्यांकडेच जावं लागतं असंही नाही. इस्लाममधलाच एक फार मोठा सूफी, इब्न अरबी, जन्म ११६५ सालचा, त्याने 'फुसूस अल-हिकम' या ग्रंथात म्हटलंय की स्वप्नाचा अर्थ लावायचा असतो. इब्राहीमने तो न लावता स्वप्न जसंच्या तसं खरं धरलं. स्वप्नात मुलाच्या रूपाने दिसला तो खरं तर एडकाच होता! हे वाचल्यावर मी पुन्हा त्या ओळी काढून पाहिल्या. बाप म्हणतो, "मला स्वप्न पडतं." देवाने सांगितलं, असं तो म्हणत नाही. 'आज्ञा' हा शब्द पहिल्यांदा येतो तो मुलाच्या तोंडी. बापाच्या स्वप्नाला आज्ञा कोणी केलं? पोराने. बिचाऱ्याने बापाचा मान राखला.

ही जागा मला फार जवळची आहे. का, ते सांगते. हे मी आजपर्यंत घरात कोणालाही सांगितलेलं नाही.

१९८३ सालची गोष्ट. माझ्या वर्गात नववीत एक मुलगी होती. गणितात पहिली आणि निबंधातही पहिली, असं क्वचित मिळतं, तशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे वडील दाखला मागायला आले. बहिणीला शब्द दिला होता, तिच्या मुलाशी लग्न ठरलं होतं. मुलींच्या लग्नाचं वय अठरा करणारी दुरुस्ती १९७८ साली झाली होती, म्हणजे कायदा पाच वर्षांचा झाला होता. मला तो माहीत होता. वडीलही वाईट माणूस नव्हते. चांगले सालस, माळकरी. म्हणाले, "बाई, माझी जबरदस्ती नाही. तुमच्यासमोर पोरीलाच विचारतो." आणि त्यांनी खरंच विचारलं. ती फळ्याजवळ उभी होती. खाली बघून म्हणाली, "आबा म्हणतील तसं."

झालं. मला हायसं वाटलं. हो, हायसं! पोरीची संमती आहे म्हटल्यावर माझी जबाबदारी संपली. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे मी माझ्या हाताने लिहिलं, "घरगुती अडचण". लग्नाला मी गेले, पंगतीत बसले आणि बुंदीचा लाडू खाल्ला.

बारा-तेरा वर्षांनी ती मला मंचरच्या एसटी स्टँडवर भेटली. बरोबर दप्तर घेतलेला मुलगा. पाया पडली. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि गाडी लागल्यावर पायरीवर चढता चढता म्हणाली, "बाई, तेव्हा तुम्ही नुसतं 'थांबा' म्हटलं असतंत ना, तरी आबा थांबले असते. तुमचा शब्द त्यांनी मोडला नसता." रागाने नाही म्हणाली. सहज म्हणाली. गाडी निघून गेली आणि मी बराच वेळ तिथेच बाकावर बसून राहिले.

त्या दिवसापासून मला ही गोष्ट वेगळी दिसते. इब्राहीमने मुलाला विचारलं, हे मोठंच आहे. चिलयाला असं विचारून मग निर्णय झाला नाही. पण विचारणं पुरत नाही. ज्याच्या हातात सुरी आहे, किंवा ज्याच्या हातात घर, अन्न आणि माया आहे, त्याने विचारल्यावर पोर "हो" म्हणणार, नाही तर काय म्हणणार? वर्गात पन्नास पोरांना "समजलं का?" विचारलं की पन्नास माना हलतात. किती जणांना समजलेलं असतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. पोराच्या होकारावर जगातली कुठलीही सुरी चालवता येते. म्हणूनच त्या गोष्टीत बापाचं विचारणं आणि पोराचं हो म्हणणं झाल्यावरही तिसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागली.

माझ्या मते गोष्टीचा देव त्या हाकेत आहे. सुरी उचलण्यात तर माणसं पटाईतच आहेत, त्यासाठी आकाशातून कोणी यायची गरज नाही. थांबवायला मात्र कोणी येत नाही. त्या दिवशी शाळेत ती जागा माझी होती आणि मी गप्प बसले. मी श्रद्धेचं, त्यागाचं, शब्द पाळण्याचं कौतुक करणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. कुराणातल्या त्या गोष्टीत अशी रांगच नाही. तिथे टाळ्या वाजवायला कोणी नाही.

आपल्या वाङ्मयातही हाकेची एक गोष्ट आहे, पण आपण ती पोरांना सांगत नाही. ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची. हरिश्चंद्राने वरुणाला नवस केला की मुलगा दे, तोच तुला वाहीन. मुलगा झाला, रोहित. मोठा झाल्यावर त्याने सरळ रानाचा रस्ता धरला. (शहाणं पोर!) मग त्याच्या जागी अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाकडून त्याचा मधला मुलगा शंभर गाईंना विकत घेतला. खांबाला बांधायला कोणी पुढे होईना, तर बापानेच आणखी शंभर गाई घेऊन बांधलं. मारायला कोणी तयार होईना, तर बापच आणखी शंभर गाईंना तयार झाला. पोराने देवांचा धावा केला आणि त्याचे पाश गळून पडले. मग बाप म्हणतो, चल बाळा घरी. पोरगा म्हणतो, नाही येणार. आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. या पोराचं "नाही" मला चिलयाच्या आज्ञाधारकपणाहून अधिक पवित्र वाटतं. रागवायचं असेल त्यांनी रागवावं.

कोणी म्हणेल, बाई, या सगळ्या पुराणातल्या गोष्टी, आज कोण पोरं कापतंय? तर ऐका. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या नादाने लहान मुलींचे आणि बायकांचे खून पडले. माझ्या पिढीला ती वर्तमानपत्रं आठवतात. आणि आपल्या राज्याचा २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठी डॉ. दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि ज्याचा वटहुकूम त्यांचा खून झाल्यावर निघाला, त्याचं संपूर्ण नाव वाचा. "महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष..." असं ते सुरू होतं. एकविसाव्या शतकात आपल्याला कायद्याच्या नावातच 'नरबळी' लिहावं लागलं. आता कोणाच्या गोष्टीत रक्त आहे, यावर निरोप ढकलण्याआधी आरशात बघावं.

राहिला बकऱ्याचा मुद्दा. भाच्याचं पुढचं पालुपद मला ठाऊक आहे, "पण मावशी, मुक्या जनावराचं काय?" प्रश्न खरा आहे. पण तो प्रश्न विचारणाऱ्याच्या ताटात आधी बघावं लागतं. आपल्या पंचक्रोशीत यात्रा म्हटली की एक दिवस पुरणपोळी आणि एक दिवस मटण, हे काय मी नव्याने सांगायचं? देवीचे नवस कशाने फिटतात? आणि ते बोकड कापायचं काम गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे होतं? मुलाण्याकडे. आपल्या देवाचा बोकड मुलाण्याने हलाल केल्यावर आपण तो आनंदाने खाल्ला. मीही खाल्लाय, अजून खाते, खोटं कशाला बोलू? तोच माणूस स्वतःच्या सणाला तेच करतो तेव्हा आपल्याला दयेचा उमाळा येतो. गाडगेबाबांना हा प्रश्न विचारायचा अधिकार होता. कारण त्यांनी तो आधी आपल्याच जत्रांमध्ये उभं राहून, आपल्याच माणसांच्या शिव्या खात विचारला. घरच्या उखळापासून सुरुवात केली.

आणि तिकडेही असे विचारणारे आहेत, हे भाच्याला कोण सांगणार? चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १९७० साली २२ मार्चला त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. अवघ्या चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य, १९७७ साली गेले. त्याच मंडळाचे कार्यकर्ते अलीकडच्या काळात बकरी ईदला रक्तदानाचा कार्यक्रम घेतात. रक्तच द्यायचं ना, मग स्वतःचं द्या, कोणाचा तरी जीव वाचेल, असा त्याचा अर्थ मी लावते. त्यांच्या समाजातल्या बहुतेकांना हे पटत नाही, आणि ते मान्य न करण्याचा त्यांना हक्क आहे. कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे होतात, एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा, आणि वर्षातून एकदाच मटण बघणारी घरं त्या तिसऱ्या वाट्याची वाट बघतात, हेही खरंच आहे. पण वाद तिथे चालू आहे. कुराणाच्याच बाविसाव्या अध्यायात म्हटलंय की त्या जनावरांचं मांस आणि रक्त देवाला पोचत नाही, पोचतो तो तुमचा भाव. या एका ओळीवर दोन्ही बाजू हक्क सांगतात. जिवंत धर्म असाच असतो, घरात भांडणारा.

अजून एक आठवण. २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला, लागोपाठ दोन वर्षं, आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ साली महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी करायची नाही, दुसऱ्या दिवशी करू. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, त्यामुळे धर्माचं काही अडलं नाही. शेजाऱ्याच्या उपासासाठी हात एक दिवस थांबला. आकाशातून आवाज आला नव्हता, कायद्याने सांगितलं नव्हतं. ही बातमी मात्र आमच्या गटावर कोणी पुढे ढकलली नाही. अंगठे नाहीत, जोडलेले हात नाहीत. मला विचाराल तर त्या दोनतीन वर्षांत इब्राहीमच्या गोष्टीचा याहून चांगला अर्थ कोणी लावला नसेल.

तेव्हा माझ्या लाडक्या भाच्या, तुझा निरोप चूक आहे. तो फक्त मुसलमानांवर अन्याय करतो म्हणून नाही. ज्या माणसाला शेजाऱ्याच्या गोष्टीतली सुरी दिसते आणि हाक ऐकू येत नाही, त्याला स्वतःच्या घरातली हाकही ऐकू येणार नाही, म्हणून चूक आहे. तुझ्या मुलीला पुढच्या वर्षी अकरावीला काय घ्यायचंय, ते तू तिला विचारलंस का? विचारलं असशील. आणि ती "पप्पा म्हणतील तसं" म्हणाली असेल. तर तिथे जरा थांब. तिचं "हो" एकदा उलटंसुलटं करून बघ. मी तेव्हा बघितलं नाही, म्हणून सांगते.

असो. फार लांबलं. चित्रकलेचे सर आता नाहीत. असते तर हा लेख त्यांना वाचून दाखवला असता, आणि ते नक्की म्हणाले असते, "बाई, बकरा अजून शेवटीच आला की!"

ज्यांना पटलं नाही त्यांनी जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त गोष्ट आधी वाचून या. वहिनी, तुम्ही सकाळच्या पारी वाद नको म्हणालात, म्हणून हे मुद्दाम संध्याकाळी टाकतेय.